टिटवाळ्यात न दिलेलं मत

२२ जानेवारी
कोपर, डोंबिवली

प्रिय शकूमावशी,

जय भीम. फोन लागतो पण तू उचलत नाहीस, म्हणून लिहितो आहे. पायल उचलते. तुझ्या गुडघ्याची सूज उतरली आणि जेवण नीट आहे, एवढं तिने सांगितलं. तुझ्याकडे फोन दे म्हटलं तर म्हणाली, "दादा, आई नको म्हणून मान हलवतात." तुझ्या सुनेला मध्ये घालणं बरं नाही, म्हणून मी पुन्हा केला नाही.

आधी कामाचं लिहितो. कल्याण कोर्टातल्या एका वकिलांना भेटून आलो. त्यांचं म्हणणं, तुझ्या केसमधून मार्ग निघेल. बहीण नुकतीच वारली, वय सत्तरच्या पुढे, धक्क्याने मन ठिकाणावर नव्हतं, हातात कोणाचं मतदान कार्ड आहे हेही कळलं नाही, असं लिहून द्यायचं. डॉक्टरचं प्रमाणपत्र लागेल, ते मी मिळवतो. कागद सोबत जोडले आहेत. तू फक्त सही कर.

आता माझी बाजू. रागावू नकोस, पण ती तुला माहीत असायला हवी. चांगली इंजिनीअरची नोकरी सोडून हे काय घेऊन बसलास, असं तू नेहमी विचारायचीस आणि मी हसून टाळायचो. माजिवड्याची कंपनी सोडल्यावर मी सल्लागार झालो. सोसायट्यांच्या जुन्या इमारती तपासतो, कुठला खांब किती दिवस तग धरेल ते लिहून देतो. त्या कामासाठी घरोघर फिरताना लक्षात आलं की मतदारयादीत जी माणसं आहेत त्यातली कितीतरी घरात नाहीत. कोणी गावी गेलेलं, कोणी वारलेलं. आणि त्यांच्या नावावर मतं मात्र पडलेली. माझ्या जुन्या कंपनीत क्षिप्रा दामले होती, ठाण्याला राहते. तिला हे सांगितलं, आणि आम्ही दोघांनी 'मतपहारा' सुरू केला. यादी घेऊन दारोदार जायचं, वारलेल्यांची नावं काढायची आणि ती मतदानाच्या आधी केंद्रावर द्यायची. संस्थेच्या माणसाला केंद्रात बसू देत नाहीत. म्हणून एखाद्या अपक्ष उमेदवाराकडून आम्ही त्याचे एजंट म्हणून पास घेतो. एजंट त्याच भागातला मतदार असावा लागतो. म्हणून मी आपल्याच शाळेतल्या केंद्रावर बसलो होतो, जिथे आईचं नाव आहे.

तू येशील हे मला माहीत नव्हतं. आईचं कार्ड तिच्या पिशवीत होतं आणि ती पिशवी, आई गेल्यावर, पुण्यानुमोदनाच्या दिवशी मीच तुला दिली, हेही तेव्हा आठवलं नाही. पहिल्या टेबलावरच्या माणसाने आईचं नाव मोठ्याने वाचलं, आणि दारात तू उभी. शेजारचा चांगदेव दुसऱ्या पक्षाचा एजंट म्हणून माझ्या बाजूला बसला होता. आईला स्मशानात पोचवायला तोही आला होता. त्याने लगेच हरकत घेतली, ही बाई वारलेली आहे म्हणून.

पुढे जे झालं ते तुझ्यासमोरच झालं. माझा नाइलाज झाला. मी त्या खुर्चीत ज्या कामासाठी बसलो होतो त्याच्या विरुद्ध मला वागता येणं शक्य नव्हतं.

सह्या तिन्ही पानांवर कर. पाकिटावर माझा पत्ता घालून ठेवला आहे.

तुझा,
राजू


१ फेब्रुवारी
कोपर

प्रिय मावशी,

पाकीट परत आलं. कागदांवर सही नाहीच. पायलला फोन केला तेव्हा तिने तुझा निरोप शब्दाला शब्द सांगितला. "त्याला सांग, मला वेड लागलेलं नाही. मी काय करत होते ते मला पक्कं माहीत होतं."

मग तिने बाकीचंही सांगितलं. तू तिला सांगू नको म्हणाली नव्हतीस, असं ती म्हणते, म्हणून तिच्यावर रागावू नकोस.

दवाखान्यात आई तुझ्याशी काय बोलत असे ते मला कधी कळलं नाही. मी आलो की तुम्ही दोघी गप्प व्हायचात. मला वाटायचं दुखण्याचं बोलत असाल. आई निवडणुकीचं बोलत होती. जानेवारीपर्यंत आपण काढत नाही हे तिला कळलं होतं. पायल म्हणाली, आई तुला म्हणाली होती की नवऱ्याने मारलं तरी मत चुकवलं नाही, बाळंतीण होते तरी चुकवलं नाही, बाबासाहेबांनी दिलेलं आहे ते, आता मरणाने चुकवायचं का. माझं तू दे. आणि राजूला सांगू नको, तो कायदा सांगत बसेल.

खरं आहे. सांगितला असता.

वडिलांनी आईला मारलेलं मला माहीत नव्हतं. शिवराम तांबे म्हणजे वस्तीत सगळे मान देत असा माणूस. ते जाऊन इतकी वर्षं झाली, आणि हे मला असं, निवडणुकीच्या गोष्टीतून कळलं. पण ते असू दे.

फोन ठेवल्यावर मला दुसरंच काही आठवलं. त्या दिवशी केंद्राध्यक्षांनी तुझं बोट तपासलं होतं. शाई नव्हती. तेव्हा मला इतकंच वाटलं की चला, दोनदा मत दिल्याचा तरी आरोप लागणार नाही. पण तुझं नाव टिटवाळ्याच्या यादीत आहे, मीच दोन वर्षांपूर्वी तपासून दिलं होतं. सकाळी तिथे मत देऊन आली असतीस तर शाई दिसली असती आणि इथे तुला देता आलं नसतं. तू तुझं मत सोडलंस. बहिणीचं द्यायचं म्हणून स्वतःचं दिलं नाहीस. आणि शेवटी दोन्ही गेली.

आम्ही एवढ्या निवडणुका पाहिल्या, पण असं कोणी केल्याचं ऐकलेलं नाही. आमच्या तक्त्यात यासाठी रकाना नाही.

आणखी एक सांगायचं आहे. तुला ते कदाचित कळलंही असेल. डोंबिवली पूर्वेला वाचनालयाच्या सभागृहात आमचा छोटा कार्यक्रम झाला. मला जायचं नव्हतं पण गेलो. क्षिप्राने मतदानाच्या दिवसाची हकीकत सांगितली. एक अनोळखी बाई मेलेल्या मतदाराचं कार्ड घेऊन आली, आणि आमच्या एजंटने एका शब्दात तिला उघडं पाडलं. ती मेलेली मतदार या एजंटची स्वतःची आई होती, हेही तिने सांगितलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. मी तो सोडवून घेतला नाही. दुसऱ्या दिवशी इथल्या पेपरात फोटो आला. अमृताने तो घडी घालून कपाटात ठेवला. लग्न होऊन आली तेव्हापासून ती तुला ओळखते. त्या फोटोखाली 'अनोळखी' हा शब्द छापला आहे तो तिने वाचलाच असणार.

तुझा,
राजू


१२ फेब्रुवारी
कोपर

प्रिय मावशी,

तू पाकिटं फोडतेस आणि वाचतेस, असं पायल म्हणाली. काही बोलत नाहीस. ठीक आहे. निदान वाचतेस हे कळल्यावर मला नीट लिहायला हवं.

पहिल्या पत्रात मी "पुढे जे झालं" असं लिहून सोडून दिलं. तुझ्यासमोर झालं म्हणून लिहिलं नाही, हे खरं नाही. माझ्या हाताने लिहवेना.

केंद्राध्यक्षांनी तुझ्या हातातलं कार्ड पाहिलं, मग तुला पाहिलं. तुझा आणि आईचा चेहरा एक. त्यांना ठरवता येईना. तेव्हा चांगदेव म्हणाला, "मला काय विचारता साहेब, हा काय तिचा मुलगाच बसलाय. बोल ना तांबे."

मी म्हणालो, "ही माझी आई नाही."

ते खरंच होतं आणि मला बोलायलाच हवं होतं, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत आलो. पण ते बोलताना मला तुझी कोळसेवाडीची खोली आठवली. डिप्लोमाची तीन वर्षं मी तिथे काढली, कारण आमच्याकडे अभ्यासाला जागा नव्हती. तुझी मुलं ओट्याखाली झोपायची आणि मी खाटेवर. चाळीतल्या बायका मला तुझाच थोरला समजत. तू कधी कोणाला दुरुस्त केलं नाहीस. मीही नाही.

तरी त्या वाक्याचं मला एवढं नाही. केंद्राध्यक्षांनी पुढे विचारलं, "मग या कोण आहेत?" आणि मी म्हणालो, "माहीत नाही."

हे मला कोणी बोलायला लावलं नव्हतं. मावशी आहे म्हणालो असतो तर काय झालं असतं? चांगदेव हसला असता. दुसऱ्यांची मेलेली माणसं शोधत फिरतात आणि यांच्याच घरची बाई बोगस मत द्यायला येते, असं संध्याकाळपर्यंत सगळ्या कोपरमध्ये झालं असतं. एवढंच. या एवढ्यासाठी मी तुला माहीत नाही म्हणालो. विचार करायला वेळ लागला असता तर मी म्हटलं असतं की घाबरलो. पण वेळ लागला नाही. उत्तर तयारच होतं.

संध्याकाळी मशीन सील करताना केंद्राध्यक्ष माझ्याशी बोलले. साधा माणूस, कुठल्याशा शाळेत शिक्षक असावेत. म्हणाले, "तुमच्या नात्यातली कोणी निघाली असती तर मी समज देऊन घरी पाठवली असती हो. म्हातारी बाई, कोणाला हौस आहे? पण अनोळखी म्हटल्यावर कोणीतरी पाठवलेली असणार. मग मला पोलीस बोलवावेच लागले." मी मान हलवली. तुला ओळखत नाही अशा जबाबावर सहीसुद्धा केली.

आणि अजून एक आहे. केंद्रावर देण्याची वारलेल्यांची यादी मीच तयार केली होती. आपल्या गल्लीची, मागच्या चाळीची, सगळ्यांची नावं मी त्यात घातली. ज्यांच्या घरून अजून रडण्याचे आवाज येत होते त्यांचीही घातली. आईचं घातलं नाही. तिच्या नावापुढे मयत असं लिहायचं होतं. सगळ्यात शेवटी लिहू म्हणून ठेवलं आणि यादी तशीच दिली. विसरलो नव्हतो. ते नाव त्या यादीत असतं तर पहिल्या टेबलावरच्याच माणसाने तुला हळूच सांगितलं असतं की आजी, हे चालणार नाही, आणि तू माघारी गेली असतीस. तुला माझ्याकडे पाहण्याचीसुद्धा गरज पडली नसती.

म्हणजे आईचं नाव मी माझ्या मायेने त्या यादीबाहेर ठेवलं आणि त्याची शिक्षा तुला झाली. तूही मायेनेच आली होतीस. पण तू त्याची किंमत स्वतः दिलीस.

राजू


२५ फेब्रुवारी
कोपर

प्रिय मावशी,

चांगदेवला माहीत आहे.

कोपर स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर भेटला. नेहमीसारखा हसून बोलला, चहाही त्यानेच सांगितला. मग म्हणाला, "मावशी कशी आहे?" मी म्हणालो, कोणती मावशी. त्याने फोन काढला. आईच्या पुण्यानुमोदनाचा फोटो होता. आईच्या तसबिरीशेजारी पांढरी साडी नेसून तू बसलेली, आणि मी वाकून तुला पाणी देतोय.

"मी त्या दिवशी ओळखलं नाही, शपथेवर सांगतो," तो म्हणाला. "नाहीतर हरकत घेतली नसती. शेजारधर्म आहे की नाही? नंतर बायकोने दाखवलं. म्हटलं, तांबेसाहेब भारी निघाले. आम्ही पक्षाची माणसं, पण सख्ख्या मावशीला पोलिसात द्यायची हिंमत आमच्यात नाही."

मग तो मुद्द्यावर आला. त्यांचा उमेदवार थोड्या मतांनी निवडून आला आहे. मतपहाऱ्याने त्या निकालाविरुद्ध तक्रार केली आहे की या प्रभागात वारलेल्यांच्या नावावर मतं पडली. ती पडलीही आहेत, ते मी मायेपोटी किंवा रागापोटी म्हणत नाही. पण तक्रारीतला पहिला परिच्छेद तुझा आहे. अनोळखी बाई, मेलेल्या बाईचं कार्ड. पकडली गेली ती एक, न पकडलेल्या किती, असं क्षिप्राने लिहिलं आहे आणि त्याखाली माझं शपथपत्र आहे. चांगदेव म्हणाला, तक्रार मागे घ्या, मीही फोटो पुसून टाकतो. आणि तुझ्याबद्दल म्हणाला, "म्हातारीचं पण मिटवून देऊ. आमची ओळख आहे."

चहा मी प्यायलो. तुला हे सांगताना लाज वाटते, पण प्यायलो.

त्याला हो म्हटलं नाही. तरी घरी येईपर्यंत मनात हिशेब चाललाच होता की हो म्हटलं तर सगळ्यांचंच भलं आहे.

दुसऱ्या दिवशी ठाण्याला जाऊन क्षिप्राला सगळं सांगितलं. ती चांगली बाई आहे, तुझ्या चौकशीने सुरुवात केली. तुला कुठल्या जामिनावर सोडलं, तब्येत कशी आहे, हे विचारलं. मला वाटलं ती रागावेल. ती म्हणाली, "राजरत्न, सुनावणी होईपर्यंत गप्प राहा."

मी म्हणालो, शपथपत्र खोटं आहे.

"एक ओळ खोटी आहे. बाकीची सगळी मतं खरोखर बोगस आहेत. त्यासाठी आपण घरं पालथी घातली. ही एक ओळ काढलीस की ते म्हणतील संस्थाच बोगस. मग पुढच्या निवडणुकीला आपल्याला कोण दारात उभं करणार?" आणि पुढे म्हणाली, "तुझ्या मावशीने स्वतः जबाबात काय सांगितलं आहे ते वाचलंस का? तिचीही तीच इच्छा दिसते."

जबाब मी वाचला आहे. त्याबद्दल मला आजवर काही लिहिता आलं नाही. आजही येत नाही.

क्षिप्राच्या म्हणण्यात खोटं काही नाही हेच अवघड आहे. कमकुवत खांबावर गिलावा करून ठेवलेल्या इमारती मी रोज पाहतो, आणि रहिवासी मला हेच सांगतात. साहेब, एवढा एक सोडला तर बाकी सगळं मजबूत आहे.

राजू


९ मार्च
पोलीस ठाण्याचं आवार, दुपार

प्रिय मावशी,

हे बाकावर बसून लिहितो आहे. पोस्टाने पोचायला उशीर होईल, म्हणून फोटो काढून पायलच्या फोनवर पाठवणार आहे. ती तुला लगेच वाचून दाखवेल.

मी इथे येणार हे परवा मी पायलला सांगितलं होतं. काल तिचा फोन आला. म्हणाली, "आई म्हणतात, त्याला सांग गप्प बस. मी एवढं निभावलं ते वाया घालवू नको."

तुझं ते निभावणं मी अजून एकदाही कागदावर लिहिलेलं नाही. माझं बोलणं लिहिलं, तुझं लिहिलं नाही. आता लिहितो.

मी माहीत नाही म्हणालो तेव्हा केंद्राध्यक्ष तुझ्याकडे वळले. म्हणाले, बाई, तुम्ही यांना ओळखता का? तू माझ्याकडे पाहिलंस. मी समोरच्या कागदावर काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं. तू डोक्यावरचा पदर पुढे ओढलास आणि म्हणालीस, "नाही साहेब. मी यांना कशी ओळखणार?"

यांना. तू मला आयुष्यात कधी असं म्हटलं नव्हतंस.

मग पोलिसांनी विचारलं तेव्हाही तू तेच सांगितलंस. डोंबिवलीत नात्यातलं कोणी नाही. कार्ड कुठे मिळालं, तर रस्त्यात सापडलं. कोणाला बोलवायचं, तर कोणी नाही. संध्याकाळपर्यंत तुला इथेच बसवून ठेवलं, याच बाकावर असेल, आणि तू पायलचा नंबरसुद्धा दिला नाहीस. तिच्याकडून माझ्यापर्यंत पोचतील म्हणून. शेवटी तीच शोधत आली. त्या वेळी मी मशीन सील होताना पाहत होतो.

मी एका शब्दाने वाचलो आणि तू तो शब्द खरा करण्यासाठी एवढ्या वेळा खोटं बोललीस. जिने एका मतासाठी टिटवाळ्याहून येऊन रांग लावली, तिला स्वतःवर चोरीचं कार्ड ओढवून घ्यावं लागलं. आता आरोपपत्र तसंच तयार होतं आहे. दुखवट्यातली बहीण कुठेच नाही त्यात. कोणीतरी पाठवलेली, पाठवणाऱ्याचं नाव न सांगणारी बाई आहे.

म्हणून आज आलो. तुझं ऐकलं नाही.

आत एक हवालदार आहेत. त्यांना सांगितलं की मला जबाब बदलायचा आहे, ती बाई माझ्या आईची सख्खी बहीण आहे, मी तिला ओळखत होतो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमचाच फोटो आलेला ना पेपरात?" म्हणाले. "आता दोन महिन्यांनी मावशी आठवली?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार. मग ते म्हणाले की बाई नातं नाही म्हणतात, तुम्ही आहे म्हणता, मी काय लिहू? आधी त्यांना विचारतो. आणि माझ्यासमोर त्यांनी तुला फोन लावला. फोन स्पीकरवर ठेवला होता. तुला ते माहीत नसेल.

दोन महिन्यांनी तुझा आवाज ऐकला.

त्यांनी विचारलं, "बाई, राजरत्न तांबे तुमचे कोण लागतात?"

मला वाटलं फोन कट झाला. मग तू विचारलंस, "तो तिथे आहे का?"

"हो, समोर बसलेत."

"त्याची आई गेली हो," तू म्हणालीस. "त्याला घरी पाठवा."

ते म्हणाले, म्हणजे तुम्ही ओळखता ना त्यांना? आणि तू फोन ठेवलास. त्यांनी पुन्हा लावला, पण तू उचलला नाहीस. त्यांनी फोन टेबलावर ठेवला. मग मला म्हणाले की असं अर्धवट काही जोडता येत नाही, बाहेर बसा, साहेब आल्यावर पुन्हा लावू. त्यांचा आवाज आता मघासारखा खोचक नव्हता.

मी घरी गेलेलो नाही.

क्षिप्राला सकाळी सांगून आलो आहे. शपथपत्र मागे घेतो म्हणून लिहून दिलं. तिने ते घेतलं आणि मला पाणीसुद्धा विचारलं नाही. संस्थेच्या ग्रुपवरून माझं नाव काढलेलं मघाशी दिसलं. चांगदेवला मी काही कळवलं नाही. त्याला वाटेल त्याचं काम झालं. वाटू दे. इमारतींचं काम आहे, ते चालू राहील. तुला काळजी असेल म्हणून लिहितो, मला काही होणार नाही. फार तर खोटं बोललो म्हणून माझ्यावरही काही लावतील आणि ते बरोबरच असेल.

तुझी मी माफी मागितलेली नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. पाच पत्रं झाली. मागायला तोंड नाही, आणि मागितली तर तू लगेच देशील याचीही मला भीती वाटते. तू टिटवाळ्याला ये म्हणेपर्यंत मी येणार नाही. तू ये म्हणणार नाहीस तर तेही चालेल.

पण साहेब येतील. आत्ताच त्यांची गाडी आत वळली. ते पुन्हा फोन लावतील आणि तोच प्रश्न विचारतील. तू एकदा आईसाठी खोटं बोललीस आणि मग सगळं माझ्यासाठी. आता नको. फोन उचल. मी तिथेच उभा असेन, ऐकत असेन. मी तुझा कोण लागतो ते त्यांना सांग.

राजू